जुन्या हॅचबॅकची चार चाकं: उतरणारी हवा, स्टिअरिंगची थरथर आणि घुमणारा आवाज – कामाच्या नोंदी

गाडी पुढच्या चाकांवर चालणारी, पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम. टायर १७५/६५ आर १४ ८२टी. चारही रिम नंतर बसवलेल्या अलॉयच्या, ४ × १०० च्या, म्हणजे ४ नट, १०० मि.मी. व्यासाच्या वर्तुळावर. स्टेपनी मूळ लोखंडी रिमवर. जुन्या गाडीच्या चाकाची तक्रार आली की बहुतेक वेळा थेट नवे टायर घेतले जातात आणि त्रास तसाच राहतो, म्हणून या कामात क्रम उलटा ठेवला. चाक जिथे जिथे धातूला टेकतं त्या जागा आधी, टायर नंतर, अलाइनमेंट सगळ्यात शेवटी.

२ नोव्हेंबर – तक्रारी आणि मोजमापं

मालकाच्या तक्रारी: मागचं डावं चाक आठवडाभरात बसतं, पुढच्या उजव्याची हवा हळू पण सतत उतरते. ८५ ते १०० च्या वेगात स्टिअरिंग थरथरतं, त्याच्या पुढे जरा शांत होतं. ५० च्या वर गेलं की डाव्या बाजूने घुमल्यासारखा आवाज. पुढच्या दोन्ही टायरची आतली कड खाल्लेली. मागचं उजवं चाक नट काढले तरी हबवरून (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या लोखंडी भागावरून) निघत नाही.

‘गाडी हलते’ एवढ्यावर काम सुरू करू नये. स्टिअरिंग हलतं की सीट, हे आधी विचारावं. स्टिअरिंग हललं तर शोध पुढच्या चाकांपासून, सीट किंवा फ्लोअर हललं तर मागच्या. ठरावीक वेगातच येणारी थरथर बहुधा बॅलन्सची किंवा चाक मध्यावर न बसल्याची असते. ३०-४० च्या वेगातच चाक डुलत असेल तर टायर आतून फाटलेला किंवा रिम वाकलेली असू शकते, आणि ती गाडी तपासल्याशिवाय हायवेवर नेऊ नये. फक्त ब्रेक दाबल्यावर येणारी थरथर ब्रेक डिस्कची. इथे ब्रेकवर काही जाणवत नाही, त्यामुळे डिस्कला हात लावला नाही.

टायरची नक्षी तीन ठिकाणी मोजली, बाहेरची कड, मध्य आणि आतली कड. पुढचे दोन्ही: बाहेर ४.५, मध्ये ४.२, आत २.१ मि.मी. मागचे दोन्ही: सगळीकडे ३.५ च्या आसपास. खाचांमधल्या झिजेच्या खुणा १.६ मि.मी. वर असतात. नक्षी त्यांना टेकली की टायर संपला.

मग वय. टायरच्या भिंतीवरच्या डॉट (DOT) क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बघायचे, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. पुढची जोडी ३६१९, म्हणजे २०१९ चा ३६ वा आठवडा. मागची १११६. स्टेपनी २७१२. हे चार आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात, बाहेर दिसले नाहीत तर गाडीखाली वाकून आतली बाजू बघावी लागते. अनेक गाडी उत्पादक ६ वर्षांनंतर टायर बदलायला सांगतात. टायर कंपन्या १० वर्षं ही शेवटची मर्यादा धरतात, मग नक्षी कितीही उरलेली असो. मागच्या जोडीच्या खाचांच्या तळाशी आणि बाजूच्या भिंतीवर बारीक चिरा आहेत. ही जोडी जाणार, स्टेपनीही जाणार.

हवा सकाळी, गाडी हलवायच्या आधी तपासली. गाडीच्या पुस्तकात चारही चाकांना ३३ पीएसआय. तापमान १० अंशांनी उतरलं की हवा साधारण दीड पीएसआयने कमी दिसते, म्हणून रोजच्या नोंदी एकाच वेळच्या आणि एकाच गेजच्या हव्यात. दोन वेगळ्या गेजचे आकडे शेजारी लिहिले की नसलेली गळती दिसायला लागते.

४ नोव्हेंबर – अडकलेलं चाक

मागचं उजवं. अलॉय रिमचं मधलं भोक आणि लोखंडी हब यांच्यात पाणी राहतं, ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी तयार होते आणि तीच चाक आवळून धरते.

गंज सोडवणारं तेल मधल्या कॅपमधून सोडून रात्रभर ठेवलं. उपयोग शून्य, कारण तेल हबच्या तोंडावर पसरलं, कडेच्या फटीत शिरलंच नाही. टायरच्या आतल्या बाजूला लाकडी ठोकळा लावून त्यावर हातोडा मारला, तरीही हललं नाही. रिमवर थेट हातोडा मारायचा नाही, अलॉयला तडा जातो. गॅसची ज्योत तर नकोच. टायर, ग्रीस आणि रिम तिघांचंही नुकसान होतं, आणि हवा भरलेला टायर तापवणं जिवावर बेतू शकतं.

चाक सुटलं ते असं. चारही नट परत बसवून घट्ट केले, मग प्रत्येक नट दीड फेरा ढिला केला. नट काढायचे नाहीत, फक्त ढिले. जॅक उतरवून गाडीचं पूर्ण वजन चाकावर आणलं आणि सपाट जागेवर अगदी चालण्याच्या वेगाने दोन-तीन फूट पुढे-मागे केली. ‘टक्’ असा आवाज आला की थांबायचं. लगेच नट हाताने टेकवून गाडी पुन्हा जॅकवर घ्यायची.

गाडी उचलताना विरुद्ध टोकाच्या चाकांमागे-पुढे ठोकळे, आणि उचलल्यावर स्टँड. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीला जोर लावून ओढायचं नाही. चाक सुटत नसताना माणूस सगळं अंग टाकून ओढतो आणि गाडी तिथेच घसरते.

५ नोव्हेंबर – गळती कुठून

चाकं उतरवून ४० पीएसआयपर्यंत हवा भरली आणि साबणाचं पाणी मारलं. क्रम असा ठेवावा: व्हॉल्व्हची पिन, व्हॉल्व्हचं बूड, नक्षी, बाहेरचं बीड (टायरची रिमला घट्ट बसणारी कड), आतलं बीड. आतलं बीड बघायला चाक काढावंच लागतं. गाडीवर बसलेल्या चाकावर पाणी मारून ‘गळती नाही’ म्हणणाऱ्यांच्या हातून नेमकी हीच गळती निसटते. फेस आल्याबरोबर पुसू नये, पाच मिनिटं थांबावं. हळू गळतीचे बुडबुडे टाचणीच्या डोक्याएवढे असतात.

पुढचं उजवं: व्हॉल्व्ह सरळ असताना काही नाही, बोटाने बाजूला वाकवला की बुडापाशी बुडबुडे. रबर चिरलंय. चाक फिरत असताना व्हॉल्व्ह बाहेर फेकला जातो आणि ही चीर उघडते, म्हणून गाडी उभी असताना हवा टिकते आणि चालवली की उतरते.

मागचं डावं: आतल्या बीडवर वीतभर लांबीत फेस. मागचं उजवं: नक्षीच्या मध्यावर जुन्या पंक्चरची दोरी, तिच्या कडेने बारीक बुडबुडे. दोरी हा रस्त्यावरचा तात्पुरता इलाज आहे. पक्कं काम टायर उघडून आतून मशरूम पॅच लावण्याचं, तेही भोक ६ मि.मी. पर्यंतचं आणि नक्षीच्या मधल्या पट्ट्यात असेल तरच. हा टायर जाणारच असल्याने त्यावर वेळ घालवला नाही.

टायर उघडण्याआधी खडूने तीन खुणा केल्या: टायरवर व्हॉल्व्हच्या समोर, टायरवर गळतीच्या जागी, रिमवर गळतीच्या जागी. नंतर गळती टायरबरोबर फिरते की रिमबरोबर राहते, हे याच खुणांवरून कळतं.

६ ते ९ नोव्हेंबर – बीडची जागा

या कामातला सगळ्यात चिवट भाग. मागची डावी रिम उघडली. आत पूर्वी कोणीतरी ओतलेलं पंक्चरचं द्रव वाळून एका बाजूला थर झालेलं. ते नक्षीतल्या छोट्या भोकासाठी असतं. चाक फिरताना ते बाहेरच्या घेराकडे फेकलं जातं, बीडपर्यंत धड पोचत नाही, आणि वाळल्यावर बॅलन्स बिघडवतं.

बीड जिथे बसतं त्या पट्ट्यावर लॅकर (रिमवरचा संरक्षक थर) फुगलेलं, त्याखाली करडी भुकटी. गंज तेवढा वायर ब्रशने घासला, पुसला, बीड सीलर लावला आणि नवा टायर चढवला. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीत त्याच जागी पुन्हा बुडबुडे. टायर कोरा करकरीत, खडूची खूण रिमवर जिथल्या तिथे, आणि गळती खुणेवरच. गळती रिमची असेल तर टायर बदलून काही होत नाही, याचा एवढा स्पष्ट पुरावा दुसरा नको.

कारण उघडल्यावर दिसलं. गंजलेला भाग साफ झाला होता, पण शेजारचं लॅकर वरून धड दिसत असलं तरी खालून सुटलेलं होतं. नख लावलं की पापुद्रा निघत होता. हवा त्या पापुद्र्याखालून वाट काढत होती आणि सीलर पापुद्र्याच्या वर बसला होता.

दुसऱ्या खेपेला केलेलं काम, जे टिकलं:

पूर्ण घेर घेतला, फक्त वीतभर नाही, आणि रिमच्या दोन्ही बाजू. सुटं लॅकर प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून काढलं. मग ड्रिलवर नायलॉनची खरखरीत चकती, तिच्यानंतर हाताने २४० नंबरचा पॉलिश पेपर. ग्राइंडरची डिस्क वापरायची नाही. ती ॲल्युमिनियम खाते, खळगा पडतो, आणि तो खळगा मग कशानेच बंद होत नाही. बीडला आत सरकू न देणारा जो उंचवटा असतो त्याला अजिबात धक्का लावू नये. शाबूत लॅकर आणि उघडा धातू यांच्यामध्ये बोटाला पायरी लागता कामा नये, उतार हवा.

थिनरने पुसून ॲल्युमिनियमला धरणारा एच (etch) प्रायमर एक पातळ हात, वर रंगाचा एक पातळ हात. जाड थर दिला तर बीड चढताना तो सोलून निघतो. वाळायला पूर्ण दोन दिवस. घाई केली तर मऊ रंग बीडला चिकटतो आणि पुढच्या वेळी टायर काढताना बरोबर येतो.

टायर चढवताना बीडला टायरची पेस्टच लावावी. ग्रीस किंवा इंजिन ऑइल रबर खराब करतं, आणि न वाळणारं काहीही लावलं तर जोरात ब्रेक मारल्यावर टायर रिमवर फिरतो. व्हॉल्व्हची पिन काढून हवा भरली, म्हणजे बीड पटकन बसतं. दोन ‘ठक्’ ऐकू यायला हवेत, एकेका बाजूचा एक. ४० पीएसआयपर्यंत बीड बसलं नाही तर आणखी हवा भरत जाऊ नये. हवा सोडावी, पेस्ट पुन्हा लावावी, मग परत प्रयत्न. हवा भरताना तोंड आणि हात चाकाच्या वरून बाजूला. बीड बसल्यावर टायरच्या भिंतीवरची गोल रेघ रिमच्या कडेपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे ना, ते बघितलं. एका जागी ती आत गेलेली असेल तर बीड तिथे बसलेलं नाही, आणि मग कितीही बॅलन्स केलं तरी ते चाक उड्या मारतं.

रात्रभर टाकीत. एकही बुडबुडा नाही. मागच्या उजव्या रिमलाही हीच पूर्ण प्रक्रिया केली आणि तिच्यावर दुसरा नवा टायर चढवला. पुढच्या दोन रिमचं लॅकर नखाने तपासलं, घट्ट होतं, म्हणून फक्त पुसून घेतलं.

चारही व्हॉल्व्ह बदलले. टीआर ४१३, साधे रबरी, रिमचं भोक साडेअकरा मि.मी. असेल तर हेच. बाहेर खेचताना बुडाचा गळा पूर्ण बसला पाहिजे. टायर उघडला की व्हॉल्व्ह बदलायचाच, कारण नंतर त्याच्यासाठी परत टायर उघडावा लागतो.

११ नोव्हेंबर – हबचं तोंड आणि मधली रिंग

स्टिअरिंगच्या थरथरीचं मूळ इथे निघालं, टायरमध्ये नाही.

हबच्या तोंडावर गंजाचे पापुद्रे, डावीकडे एका स्टडच्या (ज्यावर नट चढतो त्या हबवरच्या बोल्टच्या) बुडाशी सगळ्यात जाड, गेजने ०.२ मि.मी. आकडा किरकोळ वाटतो. हबच्या तोंडाचा व्यास १४० मि.मी., टायरचा बाहेरचा व्यास ५८३. एका कडेला ०.२ चा अडथळा आला तर चाक तिरकं बसतं आणि टायरच्या घेरावर तो फरक जवळपास ०.८ मि.मी. होतो. म्हणजे बॅलन्स मशीनवर शून्य दाखवणारं चाक गाडीवर डुलतं.

साफसफाईचा खरा त्रास स्टडच्या बुडाशी असतो, तिथे मोठा ब्रश पोचत नाही. स्टडभोवती बसणारी छोटी गोल खरखरीत चकती मिळते, नाहीतर स्टडवर बसेल असा पाइपचा तुकडा घेऊन त्याच्या तोंडाला पॉलिश पेपर चिकटवावा. रिमची मागची बाजूही तितकीच महत्त्वाची. तिथला पांढरा थर प्लॅस्टिकच्या पट्टीने आणि नायलॉनच्या चकतीने काढला. हबच्या मधल्या उंच कडेवर गंजरोधक पेस्टचा बोट पुसल्याइतका थर दिला, चाक पुन्हा अडकू नये म्हणून. पेस्ट ॲल्युमिनियमची किंवा सिरॅमिकची, तांब्याची नाही, कारण अलॉयशेजारी तांबं आलं की अलॉयच जास्त खराब होतो. चाक टेकतं ते तोंड, स्टडचे आटे आणि नटाची बैठक कोरडी. रंगसुद्धा या जागांवर नको. रंगाचा थर दाबाखाली हळूहळू बसतो आणि घट्ट केलेला नट आपोआप ढिला पडतो.

आता मधली रिंग. हबची मधली कड ५४.१ मि.मी. व्यासाची आणि या अलॉयचं मधलं भोक ६७.१. नंतर बसवायच्या रिम अनेक गाड्यांना चालाव्यात म्हणून मोठ्या भोकाच्या करतात आणि मधली फट भरायला प्लॅस्टिकची किंवा ॲल्युमिनियमची रिंग देतात. मागच्या दोन चाकांत रिंग होती, पुढच्या दोन्हींत नव्हती. बहुधा कधीतरी चाक काढताना रिंग हबवर राहिली आणि पडून गेली.

रिंग नसेल तर चाक मध्यावर आणण्याचं काम एकट्या नटांच्या शंकूवर येतं. चाक लटकत असताना एक नट आधी पूर्ण आवळला की चाक तिथेच बाजूला धरलं जातं. चाक टायरसकट १४ किलोचं. ते फक्त ०.३ मि.मी. बाजूला बसलं तरी रिमच्या कडेवर सुमारे २४ ग्रॅम जास्तीचं वजन चिकटवल्याइतका परिणाम होतो. १०० च्या वेगात तो साधारण चार किलोचा झटका, सेकंदाला १५ वेळा. बॅलन्स मशीन चाकाला मधल्या भोकात शंकू घालून अचूक मध्यावर धरतं, त्यामुळे तिथे हा दोष दिसतच नाही. प्रत्येक वेळी चाक काढून लावल्यावर थरथर कमी-जास्त होत असेल तर आधी रिंग बघावी.

रिंगवर दोन मापं लिहिलेली असतात, ६७.१ / ५४.१ अशी. दशांश चिन्हानंतरचा आकडा सोडायचा नाही. ६६.६ ची रिंग हातात सारखीच वाटते आणि रिममध्ये ढिली बसते. रिंग रिममध्ये हाताच्या जोराने घट्ट बसावी आणि हबवर सरकून जावी. या सगळ्या कामातला सगळ्यात स्वस्त भाग हाच.

१२ नोव्हेंबर – नट आणि स्टड

स्टड एम १२ × १.५. पुढच्या डाव्या हबवर एका स्टडचे आटे लोळलेले, बहुधा हवेच्या गनने तिरका नट चढवल्यामुळे. टॅप-डायने (आटे पाडण्याच्या हत्याराने) आटे साफ करून बघितले, नट बसला, पण टॉर्क पाना (ठरावीक जोराने आवळणारा) ८० न्यूटन मीटरच्या पुढे जाताच फिरत राहिला. असा स्टड ठेवायचा नाही. हातोड्याने मागे ठोकून काढला आणि नवा मागून घातला. नवा आत खेचायला जुना नट उलटा आणि खाली चार-पाच वॉशर, मध्ये थोडं ग्रीस. स्टडचं डोकं मागून हबला पूर्ण टेकलं की पान्याचा जोर एकदम वाढतो, तिथे थांबायचं. हा जुना नट नंतर टाकून द्यायचा.

नटाची बैठक तपासली. अलॉयला ६० अंशांचा शंकू हवा. गोल बैठकीचा नट शंकूच्या भोकात फक्त एका रेषेवर टेकतो, घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि चालताना सैल होतो. या गाडीत चारही चाकांवर नट बरोबर होते, पण आटे मोजले: नट हाताने किमान आठ फेरे जायला हवा, अलॉयची जाडी जास्त असेल तर तेवढे मिळत नाहीत. इथे दहा मिळाले.

आवळण्याची पद्धत: चाक हवेत, व्हॉल्व्ह खाली, चारही नट बोटांनी पूर्ण टेकवायचे, चाक हलवून मध्यावर बसू द्यायचं, मग समोरासमोरचे नट पान्याने हलके. गाडी खाली घेऊन टॉर्क पान्याने दोन टप्प्यांत, आधी ६० आणि मग पुस्तकातले १०० न्यूटन मीटर. आट्यांना तेल नको. तेल लावलं की त्याच टॉर्कला स्टड बराच जास्त ताणला जातो.

१३ नोव्हेंबर – बॅलन्सिंग

आधी सगळी जुनी वजनं काढायला लावली आणि रिमच्या आतला वाळलेला चिखल खरवडला. जुन्या वजनांवर नवी चिकटवत गेलं की शेवटी कोणतं कशासाठी होतं ते कळत नाही.

पुढच्या उजव्या चाकाला ५५ ग्रॅम मागत होतं. एवढं वजन चिकटवण्याआधी टायर रिमवर १८० अंश फिरवला, म्हणजे रिमची जड बाजू आणि टायरची जड बाजू समोरासमोर आल्या. मागणी २० ग्रॅमवर आली. एका चाकाला ४०-५० च्या वर वजन लागत असेल तर हे करून बघायलाच हवं, आणि तेही न जमलं तर रिम वाकलेली आहे का ते तपासावं. चिकटवायची वजनं थिनरने पुसलेल्या जागेवरच धरतात.

फेरी मारली. ८५ ते १०० ची थरथर गेली.

१५ ते १७ नोव्हेंबर – घुमणारा आवाज

टायर की बेअरिंग, हे आधी ठरवायचं. कड खाल्लेला टायरही असाच घुमतो. पुढची चाकं मागे आणि मागची पुढे टाकून फेरी मारली. आवाज जागेवरच राहिला, म्हणजे टायर नाही. मग रिकाम्या रुंद रस्त्यावर ६० च्या वेगात हळू उजवीकडे-डावीकडे. उजवीकडे वळताना आवाज वाढला, डावीकडे कमी. उजवीकडे वळताना वजन डाव्या चाकावर येतं, म्हणजे बेअरिंग डावं. जॅकवर घेऊन एका हाताने सस्पेन्शनची स्प्रिंग धरली आणि दुसऱ्याने चाक फिरवलं, तेव्हा स्प्रिंगमध्ये खरखर लागली. उजव्या बाजूला नाही.

वर-खाली धरून चाक हलवलं, थोडी ढिल. दुसऱ्याला ब्रेक दाबायला लावला, ढिल गेली, म्हणजे ती बेअरिंगची, बॉल जॉइंटची (सस्पेन्शनच्या गोल सांध्याची) नाही. डावी-उजवी धरून हलवलं तेव्हा दोन्ही चाकांत वेगळी ढिल लागली, ती टाय रॉड एंडची (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणाऱ्या सांध्याची). त्याची नोंद पुढे.

बेअरिंग दाबून बसवण्याचं. ॲक्सलचा मोठा नट चाक जमिनीवर असतानाच ढिला करावा. नकल (हब आणि बेअरिंग धरणारा भाग) काढून प्रेसवर हब काढला. जुन्या बेअरिंगची आतली अर्धी रिंग नेहमीप्रमाणे हबवर राहिली. ग्राइंडरने तिच्यात उथळ चीर पाडून छिनीने फोडली, चीर हबपर्यंत जाऊ द्यायची नाही. नवं बेअरिंग नकलमध्ये घालताना जोर फक्त बाहेरच्या रिंगवर. हब आत घालताना आधार आतल्या रिंगला. हा नियम उलटा झाला तर जोर गोळ्यांवरून जातो, त्यांच्या वाटेत खळगे पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्याच फेरीत घुमतं. सर्क्लिप (बेअरिंग जागेवर धरणारी कडी) खाचेत पूर्ण बसली का ते स्क्रू ड्रायव्हरने फिरवून बघावं. ॲक्सलचा नट नवा, पुस्तकातल्या टॉर्कने, आणि तो टॉर्क लावेपर्यंत गाडीचं वजन त्या चाकावर टाकायचं नाही.

कामातला जास्तीत जास्त वेळ इथे गेला, त्यातही नकलमधून बॉल जॉइंट सोडवण्यात.

१९ नोव्हेंबर – टाय रॉड एंड आणि अलाइनमेंट

आतल्या कडेची झीज कशामुळे, हे हाताला कळतं. नक्षीवर बाहेरून आत हात फिरवला की रबरी ठोकळ्यांच्या कडा बोचतात, आतून बाहेर गुळगुळीत. म्हणजे चाकं पुढून उघडी, टो आउट. दोन्ही एंड ढिले असताना अलाइनमेंट करण्यात अर्थ नाही, मशीनवरचा आकडा रस्त्यावर टिकत नाही. एंड काढण्याआधी लॉक नटापासूनचं अंतर कॅलिपरने मोजून ठेवलं, म्हणजे गाडी अलाइनमेंटपर्यंत सरळ जाते. एंडचा शंकू सुटत नसेल तर बोल्टच्या टोकावर मारू नये, आटे जातात. नकलच्या डोळ्याच्या बाजूवर दोन-तीन फटके दिले की सुटतो.

एंड बदलल्यावर मोजलं तर एकूण टो आउट ४ मि.मी. निघाला, टायरच्या व्यासावर मोजलेला. प्रत्येक चाकाच्या वाट्याला २. म्हणजे किलोमीटरभर जाताना प्रत्येक टायर साडेतीन मीटरच्या आसपास आडवा घासला जात होता. पुस्तकाप्रमाणे शून्य, दोन्ही बाजूंना १ पर्यंत चालतं. हवा चारही चाकांत ३३, स्टिअरिंग मध्यावर बांधून, दोन्ही रॉड सारखेच फिरवून बसवलं. एकाच बाजूचा रॉड फिरवून टो आणला तर स्टिअरिंग तिरकं राहतं. कॅम्बर (चाकाचा उभा कल) दोन्हीकडे मर्यादेत, त्याला हात लावला नाही.

पुढचे टायर काढून रिमवर उलटे चढवले, आतली झिजलेली कड आता बाहेर. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण किंवा ‘बाहेरची बाजू’ असं लिहिलेलं नसेल तरच हे चालतं. पुन्हा बॅलन्स करावं लागतंच. नवी जोडी मागेच ठेवली, गाडी पुढच्या चाकांवर चालत असली तरी. पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी केला की आटोक्यात येते. ओल्या रस्त्यावर मागची सुटली तर गाडी फिरते.

स्टेपनीवर जुन्या मागच्या जोडीतला टायर टाकायची सूचना मालकाकडून आली. २०१६ चा, चिरा पडलेला. नाही टाकला. स्टेपनी लागते तेव्हा आधीच काहीतरी बिघडलेलं असतं, तिथे संशयातला टायर नको. नवा घेतला. लोखंडी रिमसाठीचे वेगळे नट लागतात का ते बघून ठेवलं: या गाडीत दोन्हींना तोच शंकू चालतो.

२८ नोव्हेंबर – पुन्हा तपासणी

१०० किलोमीटर झाल्यावर नटांवर टॉर्क पाना फिरवला होता. पुढच्या डाव्याचा नव्या स्टडवरचा नट पाव फेरा गेला, बाकीचे जागेवर. त्यानंतर पुन्हा ५० किलोमीटरने बघितलं तेव्हा तोही हलला नाही.

आजची हवा, सकाळी, त्याच गेजने: पुढचं डावं ३३, पुढचं उजवं ३३, मागचं डावं ३२.५, मागचं उजवं ३१. घुमणारा आवाज नाही. पुढून बारीक सळसळ आहे, उलट्या चढवलेल्या टायरच्या कडा नव्या दिशेने घासून निघेपर्यंत ती राहील.

मागच्या उजव्याची २ पीएसआयची घट जास्त आहे. पिन आणि व्हॉल्व्ह कोरडे, दोन्ही बीडवर फेस नाही. पाण्यात मात्र रिमच्या आतल्या भिंतीवर, एका काडीच्या (स्पोकच्या) बुडाशी, दर अर्ध्या मिनिटाला एक बुडबुडा सुटतो. धातूलाच बारीक छिद्र किंवा केसासारखी चीर. छिद्र असेल तर आतून घासून इपॉक्सीचा थर देता येतो. काडीच्या बुडाशी चीर असेल तर रिम बाद, वेल्डिंग करून परत वापरायची नाही. टायर उतरवून रंग काढून डाय पेनिट्रंटने (बारीक चीर दाखवणाऱ्या रंगीत द्रवाने) तपासणं बाकी आहे. तोवर ते चाक काढून ठेवलं आहे आणि गाडीवर मागे उजवीकडे स्टेपनी आहे. लोखंडी रिमचं मधलं भोक मूळचंच ५४.१ असल्याने तिथे रिंग लागत नाही.